तळमजल्यावरची चार टेबलं

"इथे भिंत का नाही लावलीस?" पेइजुनबाईंनी विचारलं आणि विचारल्यावर त्यांना जीभ चावावीशी वाटली.

"तिथे तुमची टेबलं आहेत ना, बाई," युनशी म्हणाली आणि आपल्या काड्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर वाळूची पुरचुंडी ठेवू लागली.

वर्ग पहिलीचा होता. तैवानमधल्या ह्वालिएनच्या पोरांना भूकंप म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही, ते कळायच्या आधीच त्यांनी अनुभवलेलं असतं. बाई शिकवत होत्या ते त्यात टिकणारं घर. आइस्क्रीमच्या काड्यांचे चार मजले, प्रत्येक मजल्यावर वाळूचं वजन, आणि खाली हँडल फिरवलं की गदागदा हलणारा पाट. नियम बाईंचेच. घर मोडलं तर रडायचं नाही. आधी जिथे मोडलं तिथे लाल टिकली लावायची, तेवढंच सुधारायचं आणि पुन्हा हलवून बघायचं. प्रत्येकाला तीन डाव. आज मात्र प्रत्येकाने आपलं राहतं घर करून आणायचं होतं. ही अवदसाही बाईंनाच आठवली होती.

युनशी राहायची तिसऱ्या मजल्यावर. त्याच इमारतीच्या तळमजल्यावर बाईंचा नवरा ज्याहोंग न्याहारीचं दुकान चालवायचा. अंड्याच्या पोळीसाठी आणि सोयाबीनच्या गरम दुधासाठी सकाळी तिथे रांग लागायची. आणखी चार टेबलं मावावीत म्हणून गेल्या हिवाळ्यात दोघांनी मधली भिंत पाडून घेतली. गवंडी म्हणाला, नुसती आडोशाची भिंत आहे, काही होत नाही. बाईंनी ते मानलं, कारण त्यांना तेच ऐकायचं होतं. मागच्या महिन्यात जमीन हलली तेव्हा कोपऱ्यातल्या खांबाला चीर गेली. ज्याहोंगने तिच्यावर रंग मारला आणि खांबाशी नारळाच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवून दिलं. यंत्रांनी कुरकुर करू नये म्हणून इथे सगळे असं पाकीट शकुनाला यंत्रांवर ठेवतात, तर खांबाला का नको, असं त्याचं म्हणणं. बाई तेव्हा हसल्या होत्या. पण त्या दिवसापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. साधा ट्रक गेला तरी त्या छताकडे बघायच्या.

युनशीने घर पाटावर नेऊन ठेवलं. बाईंनी सहज केल्यासारखं दाखवत दोन काड्या उचलल्या आणि तळमजल्यात तिरक्या बसवायला गेल्या. युनशीने त्यांचं मनगट धरलं. तपासायच्या आधी हात लावायचा नाही, हे बाईंनीच तर सांगितलं होतं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, बाईच लबाडी करतायत. वर्ग खिदळला. बाईही हसल्या आणि त्यांनी काड्या परत ठेवल्या.

त्यांनी हँडल हळूच फिरवलं. पोरांनी तेही लगेच पकडलं. बाकीच्यांना जितकं जोरात तितकंच हिला, असा एकच गलका झाला. मग बाईंनी बाकीच्यांसाठी फिरवलं होतं तसंच हँडल फिरवलं.

घर बसलं. वरचे तिन्ही मजले एकसंध राहिले, नुसते खाली आले. तळमजला मात्र उरलाच नाही. पोरांनी नियमाप्रमाणे टाळ्या वाजवल्या. युनशी रडली नाही. तिने मोडलेल्या काड्यांमध्ये नेमकी जागा शोधली, लाल टिकली लावली आणि बाईंकडे बघितलं.

"बाई, आपल्या खऱ्या घरालाही तीन डाव असतात?"

बाईंनी वर्गाला दुसऱ्या डावाच्या तयारीला लावलं, शेजारच्या वर्गातल्या बाईंना लक्ष ठेवायला सांगितलं आणि व्हरांड्यात येऊन फोन लावला. आत्ताच्या आत्ता दुकान बंद कर, टेबलं बाहेर काढ, खांब तपासायला माणूस बोलाव आणि वरच्या सगळ्यांना जाऊन खरं काय ते सांग, असं त्यांनी एका दमात ज्याहोंगला सांगितलं. भिंत पुन्हा बांधायची, मग टेबलं राहोत की जावोत. तो आधी हसला, मग वैतागला. उद्या शनिवार, गिऱ्हाइकांची झुंबड उडणार, आणि आज हे काय खूळ डोक्यात शिरलं म्हणाला.

"अगं, पण भिंत हवीच असं कोणता इंजिनिअर म्हणाला तुला?"

"आहे एक," बाई म्हणाल्या. "रोज रात्री आपल्या टेबलांच्या वर झोपते ती."