चाळीस रिकाम्या चिप

तलावाकाठी डॉ. मृणाल टिकेकरने आठवण परत देणारं हेल्मेट उत्सुकतेने डोक्यावर चढवलं. भीती घालवणारी खरी चिप कुणाला लावली आणि रिकामी कुणाला, ही आठवण प्रयोगाच्या नियमाप्रमाणे वर्षापूर्वीच तिच्या डोक्यातून काढून ठेवली होती. पण तिने शिकवलेली, पाण्याला घाबरणारी चाळीसही माणसं आज सपासप पोहत होती. मग दोन गटांत फरक तो काय?

“मॅडम, आता आठवेल,” म्हणत तंत्रज्ञ रझियाने बटण दाबलं.

मृणाल हसतच सुटली. चाळीसही चिप रिकाम्या होत्या. प्रयोग शिकवणाऱ्यांवरच होता, आणि तीही मुळात पाण्याला घाबरणारीच, हेही त्या आठवणीसोबत पुसलं गेलं होतं. खरी चिप तिच्या कानामागे होती. शेजारच्या तलावावर शिकवणाऱ्या, तितक्याच भित्र्या सबनीस सरांना रिकामी मिळाली होती, आणि त्यांची चाळीस माणसं अजून काठावरच बसून होती.