बाबा घर बघतात

बाबांनी एकदा "छान आहे" म्हटलं की संपलं, हे ओवीला चार घरं बघून पाठ झालं होतं. दुबईतल्या सिलिकॉन ओएसिसचा फ्लॅट छान होता. पुढची तिन्ही घरंही छानच होती. एजंटशी हात मिळवून बाबा गाडीत बसत आणि म्हणत, "बघू. तसंही दोन वर्षांनी पुण्याला परतच जायचंय." ही दोन वर्षं ओवीच्या जन्माआधीपासून चालली होती, आणि ओवी आता दहावीत होती!

म्हणून शारजाबाहेरच्या या पाचव्या घरी येताना, कॉलनीच्या गेटवरच्या गार्डने सलाम ठोकला तेव्हाच तिने मनातल्या मनात सगळे देव पाण्यात घातले.

दुमजली घर. रिकामं, नवंकोरं. मागे चटईएवढं अंगण. आई पर्स खांद्याला अडकवून स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली. आवडलं असं मोठ्याने म्हणणं तिने दुसऱ्या घरानंतरच सोडून दिलं होतं.

बाबांनी ओट्यावरून हात फिरवला. "हा ओटा कुणासाठी बांधलाय, उंटासाठी? सुमेधा, तुला पोळ्या लाटायला स्टूल लागेल."

एजंट फरदीनचा चेहरा पडला.

"आणि हे सिंक! यात कुकर कसा घासायचा माणसाने?" बाबा मागचं दार उघडून अंगणात डोकावले. "कढीपत्ता लावावा तर दुपारभर ऊन. जळून जाईल बिचारा. कपडे वाळत कुठे घालायचे? काही म्हणजे काही डोकं चालवलेलं नाही!" बडबडतच ते जिना चढून वर गेले.

आईने ओवीकडे बघितलं, ओवीने आईकडे. दोघी अगदी जपून श्वास घेत होत्या.

फरदीनने फाईल मिटली. "कोई बात नहीं, मॅडम. इसी गेट के अंदर एक और है, वो दिखाता हूँ."

"नो, नो, अंकल!" ओवी ओरडलीच. मग वर बघून कुजबुजली, "प्लीज, दुसरा मत दिखाओ. ही लव्ह्ज धिस वन."

"लव्ह? हबीबी, दस मिनट से तो सिर्फ गालियाँ दे रहे हैं!"

"यू शुड हिअर हिम ऑन माय रिझल्ट डे," ओवी म्हणाली. "शेजारच्या विहानला साठ टक्के मिळाले तरी बाबा म्हणतात, व्हेरी नाइस, बेटा."

फरदीन विचारात पडला. तेवढ्यात वरून बाबांचा आवाज आला, "सुमेधा, पुण्याहून आईला आणलं तर हा जिना काही तिच्या गुडघ्यांना झेपायचा नाही. खालची खोली तिची!"

आईने खांद्यावरची पर्स काढून ओट्यावर ठेवली. फरदीनकडे वळून हसली.

"भाईसाहब, खड़े क्यों हैं? बैठिए ना."

अख्ख्या घरात एकही खुर्ची नव्हती.