घरात किती माणसं?

जनगणनेची मुलगी होडीने नदी ओलांडून त्या रशियन खेड्यात पोचली, तेव्हा दोनच घरांतून धूर निघत होता. बाकीचे सगळे केव्हाच जिल्ह्याच्या गावी राहायला गेले होते.

पहिल्या घरातल्या म्हाताऱ्या ग्लाफिराने तिला चुलीजवळ बसवलं.

“घरात किती माणसं, आजी?”

“मी एकटीच. नवरा गेल्यापासून.”

तेवढ्यात शेजारचा येफिम पाण्याची बादली घेऊन आला. गेले कित्येक हिवाळे तोच तिला विहिरीवरून पाणी आणून देत होता. त्याने बादली खाली ठेवली आणि डोक्यावरची टोपी काढली.

“दोघं लिही, पोरी,” तो म्हणाला. मग ग्लाफिराकडे बघत पुटपुटला, “म्हणजे, हिची हरकत नसेल तर.”

ग्लाफिराचे डोळे भरून आले.

“इतकी वर्षं तोंडात गुळणी धरून बसला होतास होय?” ती म्हणाली आणि मुलीकडे वळली. “लिही गं बाई. दोघं.”