आमच्याविषयी

“शंभर शब्द पुरे, आंटी,” गौरजा म्हणाली. “लोक मोबायलार जास्त वाचणत नाय.”

एस्पेरांसाने लॅपटॉपकडे पाहिलं. “शंभर शब्दांत चव्वेचाळीस वर्सां कशी बसतली गो?”

कट्टा गावच्या बाजारामागच्या गल्लीत पेद्रू आणि एस्पेरांसाची बेकरी होती. पुढे घर, मागे लाकडाची भट्टी. एके काळी इथले उंडे, म्हणजे कडक गोल पाव, टोपलीतून पहिल्या एसटीने मालवणला जायचे. आता दुकानदार पिशवीबंद पाव ठेवायला लागले होते, आणि भट्टी आठवड्यातून तीनच दिवस पेटायची. पुण्याची नोकरी सोडून धामापूरला परतलेली गौरजा छोट्या धंद्यांच्या वेबसाइट बनवायची. एस्पेरांसानेच तिला फोन करून बोलावलं होतं.

फोटो काढून झाले होते. ऑर्डरचा नंबर टाकून झाला होता. राहिलं होतं ते ‘आमच्याविषयी’ हे पान.

“ह्या पान नीट लिव,” एस्पेरांसा आवाज खाली आणत म्हणाली. पेद्रू बाहेर पडवीत खुर्चीवर बसला होता. “तेच्यासाठी आसा ता. तो इसराक लागलोहा. कुडाळाक डॉक्टराकडे जावन इलों. हळूहळू सगळी आठवण जातली म्हणे. मगे मी म्हटलंय, येके जाग्यार लिवन ठेवया. धंदोय वाढात, आणि तेका वाचूक गावात.”

गौरजाने मान हलवली. शंभर शब्दांचा हट्ट तिथेच संपला.

एस्पेरांसा सांगू लागली. ती म्हापशाकडची. लग्न होऊन इथे आली तेव्हा तिला पीठ मळण्यापलीकडे काही येत नव्हतं. “पयल्याच वर्सा, ईस्टराच्या आदल्या दिसा, भट्टी कोसळली. आणि चार गावांचे उंडे आमच्याकडे सांगलेले.”

“नाताळ मां तो?” पेद्रूने बाहेरून विचारलं.

एस्पेरांसा थांबली. तिच्या कपाळावर आठी पडली, मग चेहरा उजळला. “नाताळच रे! बघ, आठवला तुका!”

गौरजाने ‘ईस्टर’ खोडून ‘नाताळ’ लिहिलं.

“गवंडी कोण होतो गो?” पेद्रूने पुन्हा विचारलं.

“गंगाराम! तोय इसारलंस? सगळी गल्ली माती मळूक लागली. गंगारामाची बायल सुभद्रा, पोर काखेक घेवन माझ्याबरोबर पीठ मळीत बसली. सांजेक भट्टी उभी! पयले उंडे येका बाजून कोळसो झाले. पेद्रू म्हणालो, ह्ये आपणच खावया. गल्लीत बसान सगळ्यांनी जळके उंडे चायेत बुडवन खाल्ले.” ती हसत हसत डोळे पुसू लागली.

मग तिने चहा आणला. गौरजाचा आधीचा कप अजून बाजूलाच होता.

“तो माका, गो. मीच मागलेलंय,” म्हणत पेद्रू उठून आत आला आणि कप घेऊन गेला. त्याच्याही खुर्चीखाली रिकामा कप होता. गौरजाला वाईट वाटलं.

त्यानंतर ती चार वेळा आली. पेद्रू दर वेळी तेच प्रश्न विचारायचा. लगीन खंयच्या इगर्जीत झाला? पयली सायकल कोणाकडसून घेतली? पहिल्यांदा गौरजा कंटाळली. पण एस्पेरांसा कंटाळत नव्हती. प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगायची. एखाद्या नावाशी अडली की पेद्रू मान तिरकी करून वाट बघत राहायचा, आणि नाव सापडलं की दोघंही हसायची. मग गौरजाही घाई न करता ऐकू लागली. तिच्या आजीनेही याच भट्टीचे उंडे खाल्ले असतील, असं तिला वाटायचं.

पान बाराशे शब्दांचं झालं. गौरजाने त्याचे तुकडे केले आणि रोज एक, फोटोसकट, इन्स्टाग्रामवर टाकला. नकाशावर बेकरीचं ठिकाण नोंदवलं. पहिला आठवडा काहीच झालं नाही. मग जळक्या उंड्यांचा तुकडा लोकांनी एकमेकांना पाठवायला सुरुवात केली. डोंबिवलीहून एका मुलीने लिहिलं, “सुभद्रा माझी आजी. हे सगळं ती आम्हाला सांगायची.” मस्कतहून एकाने लिहिलं की वाचताना त्याला वास आला. तारकर्लीत पर्यटक उतरतात अशा तीन घरांनी रोजचे उंडे मागितले. भट्टी रोज पेटू लागली.

शेवटच्या दिवशी गौरजा ऑर्डर कशा बघायच्या ते शिकवायला आली. एस्पेरांसाने सगळं कागदावर लिहून घेतलं, एकदा वाचून दाखवलं आणि ती भट्टीकडे गेली.

पडवीत पेद्रू एकटाच होता. गौरजा त्याच्या शेजारी बसली. लहान मुलाला सांगावं तसं सावकाश म्हणाली, “अंकल, ह्या तुमच्यासाठी केलां. काय आठवला नाय तर हयसर बोट लावायचा. सगळा आसा ह्येच्यात.”

पेद्रूने मोबाइल हातात घेतला. बाराशे शब्द त्याने अगदी शांतपणे, शेवटपर्यंत वाचले. मागे भट्टीचं लोखंडी झाकण वाजलं. त्याने तिकडे एकदा पाहिलं.

“बरा लिवलंस गो. येकय चूक नाय,” तो म्हणाला. “पण ह्या माका नको. तिच्या मोबायलार घाल. बोट खंय लावचा, ता तिका शिकव. रोज शिकवचा लागात.”

“आंटीक? कित्याक?”

“कुडाळाक आम्ही दोघांय तपासून घेतला. डॉक्टरान माका येकट्याक भायर बोलावन सांगला.” त्याचा आवाज अगदी खाली आला. “दुखणा तिचा आसा. तिका मी माझा म्हणान सांगलंय.”