गेल्या वर्षीच्या विजेत्याचं मत

दोन्ही इंजिनं शेडच्या मधोमध, पाण्याने भरलेल्या एकेका पिंपाच्या काठावर टांगली होती. जुनं धुराने काळवंडलेलं. नवं पांढरंशुभ्र, कुणाच्या घरी चुकून आलेल्या पाहुण्यासारखं. भोवती क्लबची माणसं उभी होती आणि सगळी तिच्याकडे बघत होती.

यापुढे क्लबच्या बोटींना कुठलं इंजिन लावायचं, यावर मतं समसमान पडली होती. असं झालं की गेल्या वर्षीच्या विजेत्याने कौल द्यायचा, हा क्लबचा नियम. गेल्या वर्षीचा विजेता तिचा थोरला. शेवटच्या शर्यतीत वळणावर त्याची बोट उलटली, पण पहिल्या नंबरापुरते गुण आधीच झाले होते. तेव्हा ढाल घरपोच आली. आता मतही घरपोच आलं होतं.

"वहिनी, घाई नाही," सेक्रेटरी म्हणाले. ते जुन्याच्या बाजूचे. "एवढंच लक्षात घ्या, पोरगा याच्यावरच जिंकला. हे इंजिन नाही हो, वाघ आहे वाघ."

"म्हातारा वाघ," दातांचे डॉक्टर म्हणाले. ते नव्याच्या बाजूचे. "तोंडात दात राहिले नाहीत त्याच्या. मला विचारा."

कुणीतरी खुदकन हसलं आणि तिच्याकडे लक्ष जाताच हसू गिळून टाकलं.

"नवं जरा हळू आहे, ताई," डॉक्टर आवाज उतरवून म्हणाले. "पण सुरक्षित आहे."

"हळू म्हणजे केवढं हळू?" तिने विचारलं. "पाण्यावर आपटलं तर लागत नाही, एवढं?"

डॉक्टर दोन पावलं मागे सरले.

कौल तोंडाने द्यायचा नाही, अशी इथली रीत. जे इंजिन हवं ते चालू करायचं, झालं. नव्याला नुसतं बटण होतं. जुन्याची दोरी ओढावी लागे.

तिने मिस्त्रींना जवळ बोलावलं. क्लबची सगळी इंजिनं तेच उघडायचे, तेच जोडायचे.

"मिस्त्री, खरं सांगा. हे जुनं अजून किती काढेल?"

"कंपनीने बनवणं बंद केलंय, वहिनी. सुटे भाग कुठेच मिळत नाहीत. याचं काढून त्याला लावायचं, त्याचं काढून याला. असं ओढूनताणून दोन हंगाम. त्याच्यापुढे देवसुद्धा आला तरी नाही."

"आणि मग?"

"मग काय? नव्यावरची सवलत यंदापुरतीच, पुन्हा एवढे पैसे क्लबला जमायचे नाहीत. शेडला कुलूप."

"आणि हे नवं?"

"याला मरण नाही." बोलून गेल्यावर मिस्त्रींनी जीभ चावली. "म्हणजे… भाग मिळत राहतील, असं म्हणायचं होतं मला. तुमची नातवंडंसुद्धा पळवतील याला."

धाकटी नव्या इंजिनावर तळहात ठेवून उभी होती. एका पायावर भार टाकून, डिट्टो दादासारखी.

"आई, नवं घे," ती कुजबुजली. "सोळा पूर्ण झाले की परवाना मिळतो. मला आता तेरा पूर्ण होतील. तीनच वर्षं."

घरी तिने धाकटीला नाही म्हणून बघितलं होतं. रागावून बघितलं, रडून बघितलं. थोरल्यालाही तिने नाहीच म्हटलं होतं. त्याने गुपचूप बापाची सही घेतली. बाप सही करायला एका पायावर तयार. आजही तो शेडच्या दाराशी उभा होता, आत यायची छाती होत नव्हती.

सेक्रेटरींचा मुलगा मागच्या रांगेत होता. शर्यतीचं जाकीट अंगात. यंदा त्याच्यावर सगळ्यांची भिस्त होती. लहानपणी थोरल्याबरोबर तिच्याच स्वयंपाकघरात जेवून जायचा, ताट चाटूनपुसून. तिने त्याच्याकडे बघायचं टाळलं. बघितलं असतं तर हात उचललाच नसता.

ती जुन्या इंजिनाशी गेली. दोरीची मूठ धरली, पिंपाला पाय लावला आणि ओढली. इंजिन नुसतं खोकलं.

"वहिनी, मी ओढून देतो," मिस्त्री पुढे झाले.

"नको. मत माझ्याकडे आलंय."

दुसऱ्यांदा ओढताना खांद्यातून कळ गेली. तिसऱ्यांदा ते पेटलं. शेडचे पत्रे थरथरले, पिंपातलं पाणी उसळून तिच्या साडीवर आलं, निळा धूर भरून राहिला. टाळ्यांचा एकच कडकडाट झाला. सेक्रेटरींनी चष्मा काढून डोळे पुसले.

"त्याची आई शोभता, वहिनी!" ते त्या गोंगाटात ओरडले. "वाघाची आई!"

ज्यांनी नव्याला मत दिलं होतं, तेही टाळ्या वाजवत होते. पोरगा गेलेल्या बाईशी कोण वाद घालणार?

फक्त धाकटीने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने नव्या इंजिनावरचा हात काढून घेतला आणि आईकडे बघत राहिली. दोन आणि तीन यांतला मोठा आकडा कुठला, हे तिलाही कळत होतं.

हळूहळू टाळ्या थांबल्या. माणसं एकमेकांना मिठ्या मारू लागली, कुणी चहाचं बघायला गेलं. मिस्त्री तिच्या कानाशी वाकले.

"झालं, वहिनी. कौल पोचला. आता बंद करतो, उगाच झिजतंय."

त्यांचा हात खटक्यावर जायच्या आत तिने मनगट धरलं. घट्ट.

"झिजू दे," ती म्हणाली.