सातवं पत्र

“बस,” सर तिला म्हणाले. एरवी ते कुणाला बस म्हणत नसत. समोर आलेल्या कागदावर सही करायची, कागद परत द्यायचा, संपलं. आज मात्र पेनाचं टोपण उघडलेलं नव्हतं.

कागद म्हणजे तिचं शिफारसपत्र. परदेशातल्या एका संस्थेची नऊ महिन्यांची फेलोशिप होती. तिथे संशोधन करायचं आणि आठवड्यातून दोनदा शिकवायचं. मुदत आज पाच वाजेपर्यंत. वयाची अट तीस, आणि तिला तीस पूर्ण व्हायला अकरा दिवस उरले होते. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

पत्र तिने स्वतःच लिहून आणलं होतं. विभागाचा रिवाजच तसा. ज्याला शिफारस हवी, त्याने आपली स्तुती आपणच लिहून आणायची. सर डोळे झाकून सही ठोकणार. ज्यांना स्वतःची स्तुती जमत नसे ते तिच्याकडे येत. सगळे तिला चित्रगुप्त म्हणत, कारण कुणाच्या पदरात किती पुण्य घालायचं हे तीच ठरवी. तीन वर्षांत तिच्या पत्रांवर सहा जण समुद्रापार गेले. तुझे उपकार जन्मात विसरणार नाही, असं जाताना सहाही जण म्हणाले होते. जन्म फारच लवकर संपला त्यांचा.

सरांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. “वाच. आज सकाळी आलंय.”

संस्थेची मेल होती, अगदी सभ्य भाषेत. आपण आजवर सहा उमेदवारांबद्दल ‘गेल्या वीस वर्षांत असा विद्यार्थी पाहिला नाही’ असं कळवलं आहे. यंदा कृपया, उमेदवाराबाबत स्वतः पाहिलेला एखादा प्रसंग, स्वतःच्या शब्दांत, सोबतच्या चौकटीत लिहावा.

ते वाक्य तिचंच होतं. जमून आलं होतं, म्हणून तिने ते सहाही जणांना वाढलं होतं आणि शेवटी स्वतःच्या पानातही वाढून घेतलं होतं. एवढी हुशार बाई, पण सगळी पत्रं एकाच पत्त्यावर जातात हे तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. तिला लाज वाटली. त्याहून जास्त, तिला झोप आली.

“दुसरं लिहून आणते सर. वीस मिनिटं द्या.”

“प्रसंग कुठला लिहिशील?”

“सुचेल काहीतरी.”

“तुला सुचेल गं. पण पाहिलेला मी असायला हवा ना.”

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते. सरांनी चष्मा काढून डोळे चोळले.

“तुझा विषय तो... नदीतल्या गाळाचा ना?”

“गाळातल्या शेवाळाचा.”

“पाच वर्षं झाली असतील.”

“साडेसहा.”

सर खजील झाले. “साडेसहा वर्षं तू रोज समोर आहेस. पेपर काढायचे तर तू, पहिल्या वर्षाचे तास घ्यायचे तर तू. पण प्रसंग म्हणून एकही आठवत नाही मला.”

“मी काही बिघडूच दिलं नाही ना, सर,” ती म्हणाली. त्यात राग नव्हता. रागावायलाही अंगात त्राण लागतं.

सरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग त्यांनी की-बोर्ड जवळ ओढला आणि दोन बोटांनी एकेक अक्षर हुडकत टाइप करू लागले. अर्धा तास गेला. हेच काम तिने पाच मिनिटांत केलं असतं. तिचे हात शिवशिवत होते. शेवटी सरांनी खुर्ची बाजूला सरकवली.

‘ही विद्यार्थिनी माझ्याकडे साडेसहा वर्षं आहे. आधीची सहाही पत्रं हिने लिहिली आणि मी न वाचता सह्या केल्या. त्या सहाही जणांना तुम्ही निवडलंत. हिला दुसऱ्यातलं चांगलं दिसतं आणि ते सांगता येतं आणि शिक्षकाला याहून काय लागतं मला माहीत नाही आणि माझ्यात ते नाही.’

तिचे डोळे भरून आले. पण ती भरल्या डोळ्यांनीही व्यवहार बघणारी होती.

“सर, यामुळे माझं जायचं राहील. आणि तुमचीही शोभा होईल.”

“माझी होऊ दे. तुझं मात्र खरंच राहू शकतं. म्हणून बटण मी दाबत नाही. तू म्हणालीस तर पुसून टाकतो. एखादा प्रसंग रचून दे, मी मुकाट्याने माझा म्हणून पाठवतो.”

पाचाला नऊ मिनिटं कमी होती. प्रसंग रचायला तिला तेवढी पुरली असती. तिने पुन्हा वाचलं. शेवटचं वाक्य अगदीच लंगडं होतं, ‘आणि’ला ‘आणि’ जोडत गेलेलं. तिचा हात आपसूक की-बोर्डवर गेला, क्षणभर तिथे थांबला. मग तिने वाक्य होतं तसंच राहू दिलं आणि पत्र पाठवून टाकलं.

दोघंही दमून बसून राहिले.

“बोलावणं आलं तर तुझं,” सर म्हणाले. “चौकशी आली तर माझी.”

“आणि काहीच नाही आलं तर?”

“येवो, न येवो. सोमवारी पहिल्या वर्षाचा तास मी घेणार.”

तो वर्ग कितव्या मजल्यावर भरतो, हे मात्र त्यांना तिलाच विचारावं लागलं.