खळ्यावरची फायनल

तिसगावच्या चांगुणाआजीच्या खळ्यावर वहाण घालून पाय टाकायची कुणाची छाती नव्हती. म्हणून शाळेचे गुरुजी बांधावरूनच बोलले, "आजी, मैदानात दुष्काळी कामाची खडी पडलीय. उद्या बास्केटबॉलची फायनल. जागा मिळाली नाही तर सामना पारनेरला जाईल. आपली पोरं पहिल्यांदाच इथवर पोचलीत."

"मग तोंड कशाला पाडता? खांब खळ्याच्या भाईर रोवा. आन पारनेरचं साहेबजादं बुटं घालून आलं, तर बुटं बांधावर. समदी अनवानी खेळत्याल."

एवढ्यावर सुटलो म्हणून गुरुजी लगबगीनं गेले.

दुसऱ्या दिवशी आजीनं खळं चोपून, सारवून लख्ख करून ठेवलं होतं. शिट्टी वाजणार, तेवढ्यात ती हळद-कुंकू घेऊन मधोमध आली आणि तिनं चेंडूला बोटं लावली.

पारनेरचे मास्तर हसले. "आजी, तुमचं गाव जिंकावं म्हणून का?"

"कुनी का जिंकंना, मास्तर. दरसाल मी हितं बाजरीची रास पुजते. यंदा खळ्यावर एवढंच आलंय."